सुजाता, फाईल चांगली होती

कोल्हारच्या स्टँडवर तुझा फ्लेक्स लागला आहे. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटोवाल्याने तुला गोरी केली आहे आणि ओठांना रंग दिला आहे. खाली लिहिलं आहे, मनमिळाऊ आणि मृदुभाषी. मी एसटीतून उतरले आणि त्या फ्लेक्ससमोर उभी राहून हसले. शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. सुजे, तू मृदुभाषी! या रस्त्यावरचे कंडक्टर तुला गाडीत चढताना पाहिलं की सुट्टे पैसे आधीच काढून ठेवायचे.

तुझ्याबद्दल मी गोड लिहिणार नाही. गोड लिहिलेलं तुला आवडायचं नाही, आणि मला तुझा राग आलेला आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये असं सगळे सांगतात. त्यांचं तुझ्याशी भांडण अर्धं राहिलेलं नाही, त्यांना सांगायला काय जातं.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. तुमच्या घरातही नाही. पण मी त्या कॉलेजात पाहुण्यासारखी वावरायचे आणि तू मालकिणीसारखी. शेवटच्या वर्षाच्या निरोप समारंभात मी आभार मानायला उभी राहिले ते आठवतं का? सरांचे मानले, मॅडमचे मानले, लायब्ररीतल्या मामांचे, मेसच्या मावशींचे, एसटीच्या पासावर सही करणाऱ्या साहेबांचे. खाली बसले तेव्हा तू माझ्या कानाशी म्हणालीस, "वॉचमनची म्हैस राहिली गं."

मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. मग तूच आलीस आणि भांडण पुढे सुरू केलंस. आपण अभ्यास केला आणि पास झालो, शिष्यवृत्ती आपल्या हक्काची होती, यात उपकार कोणी केले त्याचं नाव सांग, मी आत्ता जाऊन पाया पडते, असं तुझं म्हणणं. मला ते तेव्हा पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. हक्काची गोष्ट देतानाही कोणी हसून देतं, कोणी तोंडावर फेकतं. जो हसून देतो त्याचे आभार मानले तर माझं काय कमी होतं? यावर तू म्हणाली होतीस की माझ्या मानेचं हाड वाकून वाकून मऊ पडलं आहे. बुद्धवंदनेशिवाय कुठे मान वाकवायची नाही हे तुला तुझ्या वडिलांनी शिकवलं होतं. मला माझ्या आईने उलट शिकवलं होतं. आपल्यापैकी कोणाचं बरोबर, हे ठरलंच नाही.

आणि गंमत अशी की मला ज्यांनी शिकवलं त्यांत सगळ्यात मोठा वाटा तुझाच होता. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात मी नापास झाले तेव्हा तू मला हॉस्टेलच्या गच्चीवर नेलंस आणि फरशीवर खडूने सिग्नलच्या रेघा काढायला लावल्यास. ठोका पडला की कोणती रेघ वर जाते, कोणती खाली येते, कोणती एक ठोका उशिरा येते. मी चुकले की तू ते पायाने पुसायचीस. हाताने कधीच पुसलं नाहीस. एकदा मी तिथेच बसून रडले. तू खडू माझ्या हातात परत दिलास आणि म्हणालीस, "रड. पण रेघ सरळ काढ." पास झाल्यावर मी तुझे आभार मानायला आले तर तू पाणी पिऊन येते म्हणून निघून गेलीस, ती जेवायच्या वेळेला परत आलीस.

नगरला एमआयडीसीत आपण गाळा घेतला तेव्हा गावात काय सांगायचं ही पंचाईत होती. पोरी कार्डं बनवतात म्हटल्यावर आमच्या आत्या रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला घेऊन आल्या. आपली कार्डं कॉम्प्युटरच्या डब्यात खोचायची. त्यांच्यावर एफपीजीए नावाची चिप असते. त्या चिपला स्वतःचं असं काम नसतं. आत हजारो जोडण्या मोकळ्या असतात, आपण लिहून देऊ तशा त्या जुळतात. लिहिलेली फाईल शेजारच्या छोट्या मेमरीत बसते. वीज आली की चिप ती फाईल वाचते आणि मग तिला कळतं की आपण काय करायचं आहे. ती फाईल मेमरीत भरणं म्हणजे कार्ड फ्लॅश करणं. भरताना मध्येच काही बिघडलं तर कार्डाला काहीच कळत नाही, आणि कॉम्प्युटरला ते कार्ड दिसतसुद्धा नाही. म्हणून मी पहिल्यापासून मेमरीचा अर्धा भाग राखून ठेवायचे. त्यात जुनी, चालत आलेली फाईल. नवी बिघडली तर कार्ड आपोआप जुनीवर परत येतं. मी त्या फाईलला मूळ प्रत म्हणायचे. तू तिला वैशालीची विमा पॉलिसी म्हणायचीस.

तुझा मात्र एकच नियम होता आणि तो तू मोडू द्यायची नाहीस. फ्लॅश करताना पडद्यावर शंभर टक्के दिसले तरी "झालं" म्हणायचं नाही. भरलेली फाईल कार्डातून परत वाचून घ्यायची, मूळच्या फाईलशी ताडून पाहायची, मगच तोंड उघडायचं. राहुरीच्या एका मशीनवर एकदा मी घाईने "झालं" म्हणाले. ते खरंच झालेलं होतं. तरी तू नगरपर्यंत स्कूटरवर माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. गाळ्यावर उतरल्यावर म्हणालीस, जे तपासलं नाही ते सांगणं म्हणजे थाप मारणं, खरं निघालं तरी थापच.

हे तूच म्हणालीस, सुजे. म्हणूनच तर मला राग येतो.

पुणतांब्याच्या पेरूवाल्यांचं मशीन आपलं सगळ्यात मोठं काम. शेतकऱ्यांचा गट, आणि त्याचे प्रमुख कारभारी आबा. शेडमध्ये पट्ट्यावरून पेरू जातात, वर कॅमेरे असतात, आणि आपलं कार्ड रंग आणि आकार पाहून कोणता पेरू कुठे ढकलायचा ते ठरवतं. पण फळमाशीने डंख केलेला पेरू वरून चांगला दिसतो. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आणि आत अळ्या. व्यापाऱ्याला एका पेटीत अळी सापडली की तो सगळी गाडी परत लावतो. आबा तुला म्हणाले होते, "पोरी, तेवडी माशी धरून दे. लई तरास हाय तिचा." तू म्हणालीस की माशी धरायला माझे हात काय रिकामे आहेत, तिने केलेली घाण धरून देते. तिथली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि आबा मात्र पोट धरून हसले. तुझं तोंड आवडणारा मी पाहिलेला तो एकच माणूस.

त्या ठिपक्यामागे तू वर्ष घालवलंस. पानाचा ओरखडा वेगळा, गारेचा मार वेगळा, डंख वेगळा. गाळ्यात सगळीकडे कापलेले पेरू, आणि तो वास कपड्यांतून जायचा नाही. फाईल जवळजवळ होत आली होती. तेवढ्यात पोट दुखतं म्हणून तू दवाखान्यात गेलीस.

मला फोन तिथूनच केलास. म्हणालीस, "स्वादुपिंडाचा कॅन्सर. नाव बघ काय ठेवलंय, जसं काही श्रीखंडच." पसरला आहे हे पुढच्या वाक्यात सांगितलंस, त्याच आवाजात. मी रडायला लागले. तू थांबलीस आणि मग विचारलंस की माझं रडून झालं असेल तर तुला ठिपक्याबद्दल बोलायचं आहे.

कोल्हारला तुझ्या घरी तुझ्या आईने, माईंनी, तुझी खाट खिडकीशी लावली होती. उशीवर लॅपटॉप ठेवून तू काम करायचीस. फाईल पुरी झाली तेव्हा तू मला बोलावून घेतलंस. हाताची हाडं दिसत होती, आणि तोंड जसंच्या तसं होतं. तू म्हणालीस की फाईल मोठी झाली आहे, मेमरी पुरी लागेल, मूळ प्रत काढून टाकायची. मी नाही म्हणाले. मोठी मेमरी मागवली होती, बाहेरून यायची होती, काही आठवडे लागणार होते. ती बदलली की दोन्ही फायली मावल्या असत्या. आपल्याकडे जादा कार्ड नव्हतं, होतं ते ठिपक्याच्याच नादात आपण जाळलं होतं. पुणतांब्यात पेरूचा हंगाम ऐन भरात होता. कार्ड गेलं असतं तर मशीन बंद पडलं असतं.

"मग तू काही आठवड्यांनी ये," तू म्हणालीस. "मी फोटोत असेन. हार जरा बाजूला कर आणि दाखव."

माई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि तशाच आत गेल्या.

मी तरी ऐकलं नाही. तेव्हा तू ते बोललीस. म्हणालीस की मला काम व्हायलाच नको आहे, तू मेल्यावर मी ते सावकाश करणार, चांगलं करणार, आणि मग कुठेतरी उभी राहून माझी दिवंगत मैत्रीण म्हणून तुझे आभार मानणार. एवढं बोलून तुला दम लागला. मला तेव्हा तुझी कीव यायला हवी होती. मी म्हणाले, "तू मरायला टेकलीस म्हणून तुझं डिझाईन बरोबर ठरत नाही."

तुझा चेहरा खुलला. "हां. आत्ता कसं माणसासारखं बोललीस." मग आपण तासभर भांडलो, आणि शेवटी मी हो म्हणाले. फाईल मी स्वतः तपासली, तीत खोट नव्हती. आणि तुझ्याकडे तेवढे आठवडे नव्हते हेही खरं होतं. तुला एकदा पाहायचं होतं. पट्टा चालतो आहे आणि किडका पेरू आपोआप बाजूला पडतो आहे, एवढंच.

पुणतांब्याला मी सकाळी गेले. पट्टा बंद केला, सगळ्यांना शेडबाहेर काढलं. मशीनच्याच लोखंडी सांगाड्यावर कॉम्प्युटरचा डबा बसवलेला आहे. पेरूच्या क्रेटला टेकवून फोन उभा केला, फोनमध्ये तू. तू म्हणालीस, "झाकण काढ. मला कार्डावरचा दिवा दिसू दे." मी झाकण काढलं. हिरवा दिवा लुकलुकत होता आणि तू डोळे बारीक करून पाहत होतीस. चालू फाईल पुसली, मूळ प्रतही पुसली. नवी भरायला सुरुवात केली. मी टक्के वाचत होते आणि तू काहीच बोलत नव्हतीस, जे मी तुझ्या बाबतीत कधी पाहिलं नव्हतं.

निम्म्याच्या पुढे गेलो होतो. आबा मागच्या दाराने आत आले. त्यांना वाटलं, नवं काम सुरू होतंय, आणि या पोरीच्या हातचं शेवटचं काम आहे, ते नारळाशिवाय कसं सुरू करायचं. त्यांनी मला विचारलं नाही, कारण मी नको म्हणणार आणि तू फोनमधून टर उडवणार, हे त्यांना माहीत होतं. ते मशीनच्या कडेला आले, डोळे मिटले, आणि सांगाड्यावर नारळ फोडला.

पाणी उघड्या डब्यात उडालं. कार्डात वीज खेळत होती. चट् असा एवढासाच आवाज आला आणि दिवा गेला.

आबांच्या हातात नारळाची दोन भकलं होती. त्यांना काही कळलं नव्हतं. ते फोनकडे वाकून म्हणाले, "पोरी, तुला बरं वाटावं म्हून बोललो देवाला. दिवा का इझला गं?"

मी तोंड उघडणार होते. त्याआधी तू बोललीस. "आबा, फाईल खराब होती. माझी चूक झाली. मी नीट तपासली नव्हती."

आबा तुला समजवायला लागले. "आसू दे पोरी. आजारात व्हतं आसं. मनाला लावून घिऊ नको." बाहेरून लोक आत आले. आबांनी त्यांना सांगितलं की पोरीचं जरा चुकलं. त्यातला एक जण माझ्यासमोर म्हणाला की आजारी माणसाला असलं काम द्यायचंच कशाला. तू ते फोनमधून ऐकलंस. मग तू म्हणालीस की आबा, खोबरं वाटा, आणि फोन ठेवलास.

मूळ प्रत राखली असती तरी त्या दिवशी तिचा उपयोग नव्हता. कार्डाला वीज पुरवणारी बारीक चिप जळली होती. म्हणजे ज्या गोष्टीवरून आपण तासभर भांडलो तिचा त्या दिवसाशी काही संबंध नव्हता. ते भांडणही तसंच पडून आहे.

पुलाजवळ गाडीची वाट पाहत असताना मी तुला फोन केला. मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. तुझ्याच नियमाची आठवण करून दिली एवढं आठवतं. वर्षभराचं काम, त्यात खोट नाही, आणि तू सगळ्यांसमोर त्याला खराब म्हणालीस. माझं संपल्यावर म्हणालीस, "म्हातारा माझ्यासाठी नारळ घेऊन आला होता, वैशे. मी जाणारच आहे. त्याला राहायचं आहे." आणि मग तुझा नेहमीचा आवाज आला. मी आबांना काही बोलले तर तू मला सोडणार नाहीस.

मी वचन दिलं नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं की मी वचन देणार नाही. तू फोन ठेवून दिलास म्हणून ते तुझ्यापुरतं ठरल्यासारखं झालं असेल, पण ठरलेलं नव्हतं.

त्यानंतर पुणतांब्यात बाया हाताने पेरू निवडायला बसल्या. सुजाताबाईंच्या फाईलीनं मशीन मेलं, असं तिथे लोक बोलायला लागले. राहुरीच्या लोकांपर्यंत ते गेलं. तिथून मला फोन आला की आमच्या मशीनमध्ये त्या बाईंचं काही घातलेलं नाही ना. हे मी तुला सांगितलं नाही. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

जळलेली चिप नगरला नव्हती, पुण्याला नव्हती. ती मागवली. मी दर दोन-तीन दिवसांनी कोल्हारला यायचे आणि तू एकच विचारायचीस, पार्सल आलं का. त्या घटनेबद्दल पुन्हा बोलली नाहीस, मलाही बोलू दिलं नाहीस. शेवटच्या वेळी माईंनी मला दारातच धरलं. त्यांनी माझा दंड धरला होता, अजून ती बोटं मला जाणवतात. म्हणाल्या, "हो म्हन गं एकदा. चाललं म्हन. काय जातंय तुझं." माझ्या फोनमध्ये जुना व्हिडिओ होता. पट्टा चालतो आहे, दिवा लागलेला आहे. तुझी नजर तेव्हा इतकी मंदावली होती की तो दाखवला असता तर तुला फरक कळला नसता. तू हसत गेली असतीस.

तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "आलं का?"

मी म्हणाले, "नाही आलं."

तू भिंतीकडे तोंड केलंस. नंतर जे दोन दिवस तू होतीस त्यात कोणाशी बोलली नाहीस असं मला शेजाऱ्यांकडून कळलं. माईंनी सांगितलं नाही. माई माझ्याशी बोलत नाहीत. पुण्यानुमोदनाला मी मेणबत्ती लावायला पुढे गेले तेव्हा त्या उठून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही बसले असते. पण तू परत विचारलंस तरी मी तेच उत्तर देईन. जे तपासलं नाही ते सांगणं म्हणजे थाप, आणि मला तुला थाप मारायची नव्हती. तू आबांना मारलीस. तिथे मी आणि तू वेगळ्या झालो, आणि आयुष्यभर कोण कोणाच्या वाकणाऱ्या मानेची थट्टा करत होतं ते बघ.

पार्सल नंतर आलं. जळलेल्या चिपच्या जागची नवी चिप आणि मोठी मेमरी, दोन्ही एकाच खोक्यात. मी गाळ्यात बसून दोन्ही बसवल्या. तुझी फाईल भरली, परत वाचली, ताडून पाहिली. एकही अक्षर बदललं नाही. ताडून पाहिल्यावर "झालं" म्हणायला तोंड उघडलं, पण गाळ्यात ऐकायला कोणी नव्हतं.

पुणतांब्याला कार्ड बसवलं आणि पट्टा सुरू केला. पेरू यायला लागले, आणि थोड्या वेळाने एक बाजूला पडला. मग आणखी एक. मी ते उचलून सुरीने कापत गेले. अळी. अळी. पुन्हा अळी. एक मात्र चांगला निघाला, नुसता काटा लागलेला. त्या एका पेरूवरून तू मला आठवडाभर झोपू दिलं नसतंस. बाया हातातलं काम सोडून बघायला आल्या. त्यांना किळस येत होती आणि त्या हसत होत्या.

आबा शाल घेऊन आले होते, ती माझ्यासाठी. म्हणाले, "ताई, तुमी निस्तरलंत बगा. त्या पोरीनं लई जीव लावला, पन आजारात चुकलं तिचं. तिला दोस न्हाई." त्यांनी शालीची घडी मोडली. आजूबाजूचे लोक मान हलवत होते. तू कोल्हारच्या खाटेवर मला जे म्हणाली होतीस ते शब्द न् शब्द खरं व्हायला निघालं होतं. काम मी सावकाश केलं होतं, चांगलं केलं होतं, आणि आता तुझे चार शब्दांत आभार मानून मी शाल घ्यायची होती.

मी आबांना बाजूला नेलं आणि सांगितलं. फाईल चांगली होती. नारळाचं पाणी उडालं म्हणून कार्ड जळलं. आता चालते आहे ती तिचीच फाईल आहे, मी त्यात काही सुधारलेलं नाही. तिने तुम्हाला खोटं सांगितलं.

आबा पट्ट्याकडे बघत राहिले. आणखी एक पेरू बाजूला पडला तेव्हा त्यांनी विचारलं, "तिला म्हाईत हुतं?"

"हो."

"तवाच?"

"तिने फोनमधून पाहिलं, आबा."

"आन् मी तिला म्हनलो, आजारात व्हतं आसं."

आबांनी पट्टा थांबवायला सांगितला. बायांना बोलावलं, बाहेरच्या माणसांना बोलावलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की कार्ड माझ्या हातानं गेलं, पोरीच्या फाईलीला कोणी परत नाव ठेवायचं नाही. कोणी त्यांच्याकडे सरळ पाहिलं नाही. शाल त्यांनी क्रेटवर ठेवली, ती तिथेच राहिली. मोटरसायकलपाशी गेल्यावर ते थांबले. मला म्हणाले, "ताई, तुमचं खरं हाय. पन तिनं मला वाचिवलं हुतं."

तेव्हापासून आबा शेडवर आलेले नाहीत. किल्ली दुसऱ्याकडे दिली आहे. मी फोन केला तर त्यांची सून घेते आणि सांगते की झोपले आहेत, मग तो सकाळचा असो की दुपारचा.

मशीन चालतं आहे. अजून एकही गाडी परत आलेली नाही. राहुरीवाले विचारत होते की त्या बाईंची ती फाईल आम्हाला मिळेल का. शेडमधल्या बाया तुझं नाव घेतात तेव्हा आता आवाज खाली करत नाहीत. हे मला हवं होतं. आबांचं जे झालं ते मला नको होतं, पण होणार हे मला सांगण्याआधी दिसत होतं आणि तरी मी सांगितलं.

तू असतीस तर मला उभी चिरली असतीस. गाळ्यात, स्कूटरवर, कोल्हारपर्यंत आणि परत. मी एसटीत बसले की तुझ्या एकेका टोमण्याला काय उत्तर द्यायचं ते मनात जुळवत असते. तुझ्या कामाला कोणीतरी खरं बोलणारं हवं होतं, हे एक. मेलेल्या माणसाने जिवंत माणसांवर उपकार करून ठेवू नयेत, हे दुसरं. उपकाराबद्दल तूच काय बोलायचीस ते तिसरं. सगळं पाठ झालं आहे. आधी तुझं बोलणं यायला हवं ना. माझं उत्तर तयार आहे, सुजे. बोल.